दुहेरी आयुष्य कोणाचे? : वाचकांचे प्रश्न

या वेळच्या टपालातील बरीच पत्रे अमेरिकी मालिकांमधल्या एकाच प्रकारच्या पात्राविषयी आहेत. बायको-मुलांत राहणारा, चारचौघांत मान असलेला आणि दुसऱ्या पुरुषाशी असलेले संबंध सगळ्यांपासून लपवणारा कृष्णवर्णीय पुरुष, असे ते पात्र. इतर विषयांवरची पत्रे त्यामुळे पुढच्या अंकासाठी राखून ठेवली आहेत.

स. न. वि. वि. मी निवृत्त शिक्षिका आहे. रात्रीची जेवणे आटोपली की मी आणि माझी सून मोबाइल टीव्हीला जोडून अमेरिकी मालिका पाहतो. वेगवेगळ्या मालिकांत आम्हाला हेच कथानक पुन्हा पुन्हा दिसले. त्या लोकांत हे प्रमाण जास्त असते का, असे मी सहज विचारले, तर सुनेने हा प्रश्नच चुकीचा असल्याचे सुनावले. आपले मत काय? (एक वाचिका, विलेपार्ले)

आपल्या सूनबाईंचे म्हणणे निम्मे बरोबर आहे. प्रश्न विचारण्यात गैर काही नाही, पण तो 'त्या लोकांविषयी' विचारण्याआधी त्या मालिकांविषयी विचारला पाहिजे. समलिंगी संबंध लपवण्याची काही वेगळी प्रवृत्ती कृष्णवर्णीय पुरुषांत असते, याला कसलाही आधार नाही. लपवणारे पुरुष सर्व वर्णांत आणि सर्व धर्मांत आहेत, तसे ते विलेपार्ल्यातही आहेत. अमेरिकेत वेगळे घडले ते इतकेच की एका विशिष्ट काळात या लपवालपवीला एका वर्णाचे नाव चिकटले, आणि ते चिकटवण्यात टेलिव्हिजनचा वाटा मोठा होता.

तो काळ २००३-०४ चा. ऑगस्ट २००३ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या रविवारच्या मासिकाने अशा पुरुषांच्या दुहेरी आयुष्यावर मोठा लेख छापला आणि 'डाउन लो' हा शब्दप्रयोग घरोघरी पोहोचला. कृष्णवर्णीयांच्या बोलीत त्याचा साधा अर्थ 'गुपचूप' असा होता आणि तो कोणत्याही चोरट्या प्रेमप्रकरणाला लावला जात असे. एप्रिल २००४ मध्ये प्रसिद्ध निवेदिका ऑप्रा विन्फ्रे यांच्या टीव्हीवरील कार्यक्रमात जे. एल. किंग हे लेखक आले. आपण विवाहित असताना पुरुषांशी संबंध ठेवत होतो, असे त्यांनी लाखो प्रेक्षकांसमोर सांगितले आणि त्या दिवसापासून असंख्य कृष्णवर्णीय स्त्रिया आपल्या नवऱ्याकडे संशयाने पाहू लागल्या असतील, तर त्यांना दोष देता येणार नाही. त्याच महिन्यात 'लॉ अँड ऑर्डर : स्पेशल व्हिक्टिम्स युनिट' या लोकप्रिय पोलिसी मालिकेचा 'लोडाउन' नावाचा भाग दाखवला गेला. त्यात खुनाचा तपास करता करता पोलीस एका विवाहित कृष्णवर्णीय पुरुषाच्या गुप्त आयुष्यापर्यंत आणि एचआयव्हीच्या संसर्गापर्यंत पोहोचतात. गुन्हा, गुपित आणि रोग या तिन्ही गोष्टी एका तासात एकाच माणसाच्या अंगावर टाकल्या गेल्या की प्रेक्षकाच्या मनात जे चित्र उरते, ते पुढे वर्षानुवर्षे पुसले जात नाही.

आता याच्या शेजारी एक खरी घटना ठेवून पाहा. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये न्यू जर्सीचे गव्हर्नर जिम मॅकग्रीव्ही यांनी, पत्नी शेजारी उभी असताना, आपण समलिंगी असल्याचे जाहीर केले आणि राजीनाम्याची घोषणा केली. हे गृहस्थ गोरे होते आणि त्यांचा दोनदा विवाह झाला होता. त्यांच्यावर टीका झाली, त्यांची कीवही करण्यात आली, परंतु गोऱ्या पुरुषांमध्ये म्हणून अशी काही छुपी रीत आहे, असा निष्कर्ष कोणी काढला नाही. एकाचे वागणे त्याचे एकट्याचे राहिले आणि दुसऱ्याचे वागणे त्याच्या साऱ्या जमातीच्या नावे लिहिले गेले. अल्पसंख्य समाजातल्या कोणालाही हा हिशेब ओळखीचा वाटेल.

आपण पाहिलेल्या मालिका कोणत्या, ते आपण लिहिलेले नाही. सगळ्याच मालिका एका मापाच्या नाहीत, हे मात्र सांगायला हवे. २०१६ ते २०२० या काळात चाललेली 'ग्रीनलीफ' घ्या. मेम्फिस शहरातले एक प्रचंड मोठे चर्च चालवणाऱ्या कृष्णवर्णीय कुटुंबाची ही कथा आहे. या घरचा जावई केविन पुरुषांकडे ओढला जातो आणि त्याची पत्नी चॅरिटी गरोदर आहे. केविन लबाड नाही. त्याचे पत्नीवर प्रेम आहे, त्याची देवावर श्रद्धा आहे आणि ही ओढ प्रार्थनेने जाईल असे त्याला मनापासून वाटत असते. कुटुंब, नोकरी, देव आणि समाजातली ओळख या चारही गोष्टी एकाच इमारतीत राहत असतील, तर खरे बोलणाऱ्याला चारही एकाच दिवशी गमवाव्या लागतात, हे त्या कथानकातून जितके नीट कळते तितके दहा चर्चासत्रांतून कळणार नाही. चॅरिटीच्या वाट्याला आलेला अपमानही मालिका झाकत नाही. विशेष म्हणजे ही मालिका ऑप्रा विन्फ्रे यांच्याच वाहिनीवर दाखवली गेली आणि त्यांनी स्वतः तिच्यात कामही केले. त्याआधी बारा वर्षे ज्या विषयाने त्यांच्या कार्यक्रमात भय पसरवले, त्याच विषयाकडे त्यांच्या वाहिनीने नंतर इतक्या धीराने पाहिले, याची नोंद घ्यायला हवी.

दुसरे उदाहरण 'पी-व्हॅली' या मालिकेचे, जी २०२० मध्ये सुरू झाली. (ही मालिका सासू-सुनेने एकत्र पाहावी की नाही, हे आपले आपण ठरवावे. ती मिसिसिपीतल्या एका नृत्यबारमध्ये घडते आणि कॅमेरा फारसे काही झाकत नाही.) त्यातला लिल मर्डा हा उमेदवार रॅप गायक आहे. त्याचे प्रेम बारच्या मालकावर, अंकल क्लिफर्डवर आहे. हे पात्र दाढी राखते, लांब नखे आणि केसांचे टोप वापरते आणि स्त्री-पुरुष या दोन्ही चौकटींत मावत नाही. खोलीत दोघे एकमेकांशी अतिशय हळुवार वागतात आणि बाहेर मर्डा त्याला ओळखही दाखवत नाही, कारण ज्या संगीतावर त्याचे पोट आहे त्या संगीताच्या बाजारात दणकट मर्दानगी हाच विकाऊ माल आहे. येथे फसवली जाणारी पत्नी नाही, तपास करणारे पोलीस नाहीत आणि रोगाचे सावटही कथेच्या केंद्रस्थानी नाही. आहे तो फक्त लपवण्याचा खर्च, आणि तो लपवणाऱ्यापेक्षा अधिक त्याच्यावर प्रेम करणाऱ्याला सोसावा लागतो. आमच्या मते या विषयावर टेलिव्हिजनने केलेले हे सर्वांत प्रामाणिक काम आहे.

महोदय, आमची पिढी दलित पँथरच्या सभा ऐकत मोठी झाली आणि अमेरिकेतल्या काळ्या बांधवांचा लढा आम्ही आपला मानला. आज त्यांना टीव्हीवर अशा रूपात दाखवले जाते, ही मला त्यांची बदनामी वाटते. लढणाऱ्या समाजाच्या पुरुषांना कमीपणा आणण्याचा हा डाव नाही का? (एक वाचक, चेंबूर)

बदनामीविषयीचा आपला संताप रास्त आहे आणि २००४ च्या सुमारास जे दाखवले गेले, त्याला तो लागूही पडतो. गुलामगिरीच्या काळापासून गोऱ्या अमेरिकेने काळ्या पुरुषाच्या देहाविषयी भयकथा रचल्या आणि त्या कथांच्या आधारे त्याला झाडाला लटकवले. त्याच भयकथेची नवी आवृत्ती म्हणून 'डाउन लो'कडे पाहणारे अभ्यासक आहेत आणि त्यांचे म्हणणे आम्हाला पटते.

परंतु आपल्या पत्रातल्या 'कमीपणा' या शब्दाशी आम्ही सहमत नाही. पुरुषाने पुरुषावर प्रेम करणे हा कमीपणा, असे धरून चाललो तरच त्याचे चित्रण ही बदनामी ठरते. वाईट चित्रण बदनामीकारक असते. ते चित्रण कोणत्या विषयाचे आहे, यावर ते अवलंबून नसते.

आपण ज्या लढ्याचा उल्लेख केला, त्याच लढ्यातले एक नाव येथे सांगणे आवश्यक आहे. बेयर्ड रस्टिन हे गांधीवादी कार्यकर्ते होते. अहिंसक चळवळीचा अभ्यास करण्यासाठी ते १९४८ मध्ये भारतात येऊन गेले आणि पुढे मार्टिन ल्यूथर किंग यांना अहिंसेचे तंत्र समजावून देणाऱ्यांत ते अग्रभागी होते. २८ ऑगस्ट १९६३ चा वॉशिंग्टन मोर्चा, जिथे किंग यांचे जगप्रसिद्ध भाषण झाले, त्याची सारी व्यवस्था रस्टिन यांनी लावली होती. ते समलिंगी होते आणि ते फारसे लपवतही नसत, पण १९५३ मध्ये पॅसाडेना येथे त्यांना याच कारणावरून अटक झाली होती आणि ते बालंट जन्मभर त्यांच्यामागे लागले. १९६० मध्ये अॅडम क्लेटन पॉवेल या कृष्णवर्णीय लोकप्रतिनिधीनेच किंग आणि रस्टिन यांच्याविषयी खोटी वावडी उठवण्याची धमकी दिली आणि रस्टिन यांना किंग यांच्या कामातून बाजूला व्हावे लागले. मोर्च्याच्या आधी स्ट्रॉम थर्मंड या वर्णभेदवादी सिनेटरने सभागृहात उभे राहून त्यांच्या अटकेचा पाढा वाचला. आपल्या माणसांनी त्यांना मागे ठेवले आणि शत्रूने पुढे ओढून चव्हाट्यावर आणले. चळवळीच्या प्रतिष्ठेसाठी माणसाने स्वतःला झाकून घ्यावे, ही अपेक्षा कोठून येते, ते यावरून दिसते. ज्या समाजाच्या चारित्र्यावर बाहेरचे रोज बोट ठेवतात, तो समाज आपले घर अधिकच नीटनेटके दाखवू पाहतो, आणि घरातल्या काहींना मग माजघरातच राहावे लागते. गावकुसाबाहेर ठेवल्या गेलेल्या वस्त्यांनी आपल्याकडेही प्रतिष्ठेसाठी काय काय सोसले, हे आपल्याला आम्ही सांगण्याची गरज नाही.

पँथरचा विषय आपण काढलाच आहे म्हणून आणखी एक. मुंबईत १९७२ मध्ये दलित पँथर उभी राहिली, तेव्हा तिने अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ज्या ब्लॅक पँथरवरून नाव घेतले, त्या संघटनेचे सहसंस्थापक ह्यूई न्यूटन यांनी त्याआधी दोन वर्षे, ऑगस्ट १९७० मध्ये, स्त्रीमुक्ती आणि समलिंगींची मुक्ती या दोन्ही चळवळींशी सख्य जोडावे, असे आपल्या कार्यकर्त्यांना जाहीरपणे सांगितले होते. समलिंगी माणसांविषयी आपल्या मनात भीती आणि असुरक्षितता असू शकते, हेही त्यांनी मान्य केले होते. कृष्णवर्णीय समाज या बाबतीत इतरांपेक्षा मागास, असा जो सूर काही गोऱ्या समीक्षकांच्या लिखाणात लागतो, त्याला हे एकच उदाहरण पुरेसे उत्तर आहे.

आणि डाव म्हणाल, तर आम्ही वर गौरवलेल्या 'पी-व्हॅली'च्या निर्मात्या कटोरी हॉल या मेम्फिसच्या कृष्णवर्णीय नाटककार आहेत. कृष्णवर्णीय समलिंगी मित्रांचीच कथा सांगणारी 'नोआज् आर्क' ही २००५ मधली मालिका पॅट्रिक-इयन पोक यांनी स्वतःच्या समाजातून उभी केली. २०१५ मध्ये सुरू झालेल्या 'एम्पायर'मध्ये बाप आपल्या लहान मुलाला, तो बाईच्या चपला घालून पाहुण्यांसमोर आला म्हणून, कचऱ्याच्या डब्यात टाकतो. हा प्रसंग दिग्दर्शक ली डॅनियल्स यांनी स्वतःच्या बालपणातून घेतला. ती मालिका एरवी चांगलीच भडक आहे, पण हा प्रसंग खोटा वाटत नाही. ही माणसे आपल्याच घरातले बोलत आहेत. त्यांना बोलू द्यावे.

अशा लपवणाऱ्या पुरुषांमुळेच अमेरिकेतील कृष्णवर्णीय स्त्रियांमध्ये एचआयव्ही पसरला, असे एका मालिकेत ऐकले. हे खरे आहे का? (एक परिचारिका, मुलुंड)

टेलिव्हिजनने ठामपणे सांगितले तितके ते खरे नाही. त्या काळात सर्वत्र हेच बोलले जात होते म्हणून अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रातील ग्रेगोरिओ मिलेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपलब्ध संशोधनाचा आढावा घेतला आणि तो २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. संसर्गाचा सगळा भार या एका गटावर टाकण्याइतका पुरावा त्यांना आढळला नाही. उलट, जे कृष्णवर्णीय पुरुष आपले समलिंगी संबंध उघड करत नव्हते, त्यांचे वर्तन उघडपणे जगणाऱ्यांपेक्षा कमी जोखमीचे असल्याचे काही अभ्यासांत दिसले. कृष्णवर्णीय समाजात संसर्ग अधिक आहे, हे सत्य आहे. त्याची कारणे मात्र उशिरा होणारे निदान, न परवडणारे उपचार, तुरुंगवासाने विस्कटलेले संसार आणि आधीच जास्त संसर्ग असलेल्या लहान वर्तुळातच जोडीदार मिळणे, अशी कंटाळवाणी आहेत. त्यांवर थरारक भाग लिहिता येत नाही. आपण रुग्णालयात काम करता, त्यामुळे नियमित औषधाने रक्तातला विषाणू मोजता येणार नाही इतका कमी झाला की लैंगिक संबंधातून त्याचा प्रसार होत नाही, हे आपल्याला ठाऊक असेलच. त्या मालिकांच्या काळात हे प्रेक्षकांना कोणी सांगत नव्हते.

'द वायर'मधला ओमर हा कृष्णवर्णीय दरोडेखोर समलिंगी आहे आणि तो काहीच लपवत नाही. मग आपल्या म्हणण्याप्रमाणे टेलिव्हिजनने एकच ठसा मारला, असे कसे? (एक विद्यार्थी, माटुंगा)

आपण नेमके बोट ठेवलेत. २००२ ते २००८ या काळातली ती मालिका अपवादच होती. ओमरचे प्रेम साऱ्या बाल्टिमोरला माहीत असते आणि तरी त्याची शिट्टी ऐकली की गल्ली रिकामी होते. लपवणारा आहे तो रॉल्स हा गोरा पोलीस अधिकारी, जो तिसऱ्या पर्वात समलिंगींच्या बारमध्ये ओझरता दिसतो, आणि दिग्दर्शक त्यावर भाष्य न करता पुढे जातो. 'सिक्स फीट अंडर'मध्येही कीथ हा कृष्णवर्णीय पोलीस उघडपणे जगतो, तर त्याचा गोरा प्रियकर डेव्हिड घरच्यांपासून आणि चर्चपासून सारे लपवतो. दोन्ही मालिका सशुल्क वाहिनीच्या होत्या. लपवणाऱ्या कृष्णवर्णीय नवऱ्याची भीती ज्या कार्यक्रमांतून पसरली, ते घराघरांत फुकट दिसत होते, एवढा फरक लक्षात घ्यावा.

मी तेहतीस वर्षांचा आहे आणि लालबागला आई-वडिलांसह राहतो. 'ग्रीनलीफ'मधला केविन पाहताना मला झोप लागली नाही, कारण मी तोच आहे. घरात स्थळे पाहणे सुरू आहे. 'लग्न झाले की सगळे सुरळीत होते,' असे मामा म्हणतात, अर्थात त्यांना कशाचाच पत्ता नाही. मी काय करावे? (नाव देत नाही)

सर्वप्रथम, स्थळे पाहणे थांबवावे. त्यासाठी आजच सारे सांगून टाकण्याची गरज नाही. 'मला सध्या लग्न करायचे नाही' एवढे वाक्य पुरेसे असते आणि ते दर रविवारी पुन्हा म्हणावे लागले तरी म्हणत राहावे. मामांचा सल्ला प्रेमाचा असेल, पण तो ज्या मुलीला बोहल्यावर उभे करील, तिला कोणी विचारलेले नाही. आपण केविनमध्ये स्वतःला पाहिलेत, आता ती मालिका चॅरिटीच्या बाजूने एकदा पाहावी. कायद्याच्या दृष्टीनेही हे हलके प्रकरण नाही. विवाहास संमती मिळवताना महत्त्वाची वस्तुस्थिती लपवून फसवणूक झाली असे सिद्ध झाले, तर विवाह रद्द ठरवण्याची तरतूद हिंदू विवाह कायद्याच्या कलम १२ मध्ये आहे.

आपण गुन्हेगार नाही. सज्ञान व्यक्तींमधले संमतीचे समलिंगी संबंध ६ सप्टेंबर २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर गुन्हा राहिलेले नाहीत. आपण आजारीही नाही. 'बदलून देतो' म्हणणाऱ्या डॉक्टरकडे किंवा बुवाकडे जाऊ नये. असे उपचार करणे हे डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन असल्याचे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. केविनचेही त्या वाटेने भले झाले नाही.

घरी केव्हा सांगायचे, याची घाई आम्ही करणार नाही, मालिकांतल्या पात्रांना तो क्षण चाळीस मिनिटांत गाठावा लागतो, आपल्याला नाही. घर वडिलांच्या नावावर असेल, पगारावर घर चालत असेल, आईचा रक्तदाब असेल, तर हे सारे विचारात घेण्यात भ्याडपणा नाही. त्याआधी एका तरी माणसाशी मोकळेपणाने बोलावे. १९९४ पासून मुंबईत समलिंगींसाठी काम करणाऱ्या हमसफर ट्रस्टकडे समुपदेशक आहेत, आणि मन फार खचले तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी मराठीतूनही बोलता येते. शेजारच्यांना ऐकू जाईल अशी खोली असेल, तर फोन करायला सरळ खाली उतरून बाहेर जावे.